दोन म्हणजे काय?

११ फेब्रुवारी, शनिवार

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी काल इस्पितळात बजावलं, "रोज काय बोलल्या ते लिहून ठेवा. कधी, कितीदा, समोर काय होतं, सगळं." म्हणून ही वही. गिऱ्हाइकांच्या खिडक्यांची मापं सोडली तर मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. ही डायरीसुद्धा काच-कारखान्याने फुकट दिलेली.

तर, न्यागुथीला, म्हणजे माझ्या बायकोला, नाताळच्या आदल्या आठवड्यात झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंडाची उजवी कड खाली ओढली गेली. पाय जरासा परत आलाय. शब्द आले नाहीत.

आज: "नाही", पाच वेळा. सकाळी दोनदा, संध्याकाळच्या जेवणावर तीनदा.

बाईंचा आणखी एक नियम आहे. ती बोलायला लागली की आपण मध्ये पडायचं नाही, मनात दहापर्यंत मोजायचं. माझी गाडी तीनपर्यंत जाते. दुकानात गिऱ्हाइकाने "मला जरा..." म्हटलं की मी "चार मिलिमीटर, बाथरूमची, खडबडीत" म्हणून मोकळा. एवढ्यावरच तर न्येरीच्या बाजारात उभा राहिलो. माझे कान तिखट आहेत. काचेवर टिचकी मारून सांगतो ती कुठे तडकणार.

१४ फेब्रुवारी

आज ही हसली!

काबुईच्या आईने तिला सकाळी कुंपणाजवळ उन्हात बसवलं होतं. काबुईची आई आमच्याकडे स्वयंपाक आणि हिचं सगळं बघते. एकाएकी अशी किंचाळली की मला वाटलं दुसरा झटका आला. धावत गेलो. न्यागुथीच्या शालीवर घोयरा, तो रंग बदलणारा सरडा. तीन शिंगांचा, पानासारखा हिरवा, एक डोळा माझ्याकडे, दुसरा काबुईच्या आईकडे. ती पार गोठ्यापाशी पोचली होती, तिथून मला ओरडून सांगत होती, "झटका त्याला, वाहितोचे बाबा! अपशकुनी आहे मेला!"

आणि न्यागुथी हसत होती. वाकड्या तोंडाने, आवाज करून. आठ आठवड्यांत पहिल्यांदा.

मी म्हटलं, हा प्राणी आता कुठे जात नाही.

१६ फेब्रुवारी

घोयऱ्याचं घर तयार. पाच मिलिमीटरची काच, कडा घासून गुळगुळीत, चारी बाजूंनी आरपार, वर जाळीचं झाकण. आत पॅशनफ्रूटच्या वेलाची फांदी, पाण्याची वाटी. बँकेच्या मॅनेजरसाठी बनवलं असतं तरी याहून चांगलं झालं नसतं. पडवीत हिच्या खुर्चीजवळ, स्वयंपाकघराच्या छोट्या खिडकीला लागून ठेवलं.

पडवीसुद्धा जानेवारीत मीच काचेने बंद केली. डोंगरावरचा वारा लागू नये म्हणून. शिवाय चर्चच्या बायका घोळक्याने येऊन हिच्या तोंडाकडे टकामका बघायच्या, म्हणून काचेला काळी चकाकती फिल्म. आता बाहेरून डोकावणारीला स्वतःचंच थोबाड दिसतं. संध्याकाळी हिला तिथेच जेवायला बसवतो. मी काचेकडे पाठ करून बसतो, म्हणजे हिला बाहेरचं दिसावं.

दिवा लावला की ही शाल तोंडावर ओढते. गारठा कुठून तरी येतोय. फटी परत भरल्या.

वाहितोचा फोन आला. मुलगी नैरोबीला शाळेत शिकवते, आणि मलाही शिकवते. "बाबा, आईचं वजन किती?" मी सांगितलं. मग म्हणाली, "ईस्टरला येते. तोवर असंच उतरत राहिलं तर मी आईला इकडे घेऊन येणार. मी विचारत नाहीये, सांगतेय."

चौथा मजला. खाली बसचा तळ. तिथे ही काय करेल? आणि इथे मी?

१९ फेब्रुवारी, रविवार

काबुईच्या आईने बंड केलं. म्हणे मी मक्याच्या पिठाची उगाली ढवळते तेव्हा तो खिडकीतून माझ्याकडे एका डोळ्याने बघतो, हात थरथरतो. मी म्हटलं, दुसऱ्या डोळ्याने आमच्याकडे बघतो, आम्ही नाही थरथरत.

"हसा तुम्ही! देवाने ह्यालाच पाठवलं होतं, माणसांना सांग, तुम्ही मरणार नाही. हा आपला एक पाय टाकतोय, झुलतोय, दुसरा टाकतोय. पोचला कसाबसा, तर तोंड उघडून 'मला सांगितलंय की... मला सांगितलंय की...' तेवढ्यात पाखरू आलं भुर्रकन आणि बोलून गेलं, 'तुम्ही मरणार!' झालं. ह्या तोतऱ्यामुळे आपण मरतो."

"चूक पाखराची," मी म्हटलं. "समोरचा बोलतोय तर मध्ये तोंड घालायची काय गरज?"

न्यागुथी माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. का ते कळलं नाही.

शेवटी तडजोड. काबुईच्या आईने तिची जुनी तपकिरी घोंगडी काचघराच्या मागच्या बाजूला टांगली. आता त्याला ती दिसत नाही, तिला तो दिसत नाही.

२१ फेब्रुवारी

घोयरा काळा पडला. कोळशासारखा नाही, जळक्या पोळीसारखा, मधूनमधून. नाकतोडा दिला, बघितलाही नाही. अंग फुगवून झुलतो, तोंड उघडून फुसफुसतो. कोणावर? पडवीत न्यागुथी आणि मी.

आणि तिला नवा शब्द आला! दुपारी बोट काचघराकडे केलं आणि म्हणाली, "दोन."

मी टाळ्या वाजवल्या. "दोन नाकतोडे देऊ त्याला? देतो!"

"नाही. दोन."

दोन नाकतोडे टाकले. त्याने खाल्ले नाहीत. ती भिंतीकडे वळून बसली.

आज: "दोन", चार वेळा. "नाही", सहा.

२५ फेब्रुवारी

दोन म्हणजे काय?

चहात दोन चमचे साखर घालून पाहिली. थुंकली. दोन वाजता औषध दिलं. दोन उशा दिल्या. दोन्ही पायांत मोजे घातले. मी एकेक करून दाखवतो आणि ती "नाही, नाही" करते, आणि मग डोळे मिटते. ओल्या डोळ्यांनी. तेव्हा मी दुकानात निघून जातो.

दुकानात आज मुलींच्या शाळेचे हेडमास्तर आले होते, भांडायला. म्हणे तुमची काच खोटी आहे, संध्याकाळी हापिसात बसलो की मैदान दिसत नाही, नुसता मीच दिसतो. मी म्हटलं, "गुरुजी, काच खरी आहे, तुम्ही पण खरे आहात. मागे अंधार, पुढे उजेड, की काच आरसा होते. पडदा लावा नाहीतर दिवा मालवा." जाताना ते मला "प्रोफेसर" म्हणून गेले. दिवसभरात तेवढंच बरं वाटलं.

घोयरा तसाच. डोळे आत गेलेत.

१ मार्च

डॉ. माथेंगे आले. सरकारी जनावरांचे डॉक्टर, माझे जुने मित्र, त्यांच्या दवाखान्याच्या खिडक्या मीच बसवल्या. काचघराभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या.

"थेउरी, माझं शिक्षण गाईपर्यंत. कोंबडी आणली तरी मी आधी पुस्तक उघडतो."

"मग उघडा."

"ह्याचं पान नाहीये. शेण कसं आहे?"

"डॉक्टर, तो दहा दिवस जेवलेला नाही."

"म्हणजे शेणाचा प्रश्नच मिटला." मग जवळ जाऊन बराच वेळ बघितलं. "पाणी पितो का?"

"वाटी भरलेली आहे."

"भरलेलीच आहे ना? कोण पिणार? हा झाडावरचा. पानावरून ठिबकतं ते पाणी, हे ह्याला ठाऊक. वाटी म्हणजे काय ते त्याच्या आजोबालाही माहीत नव्हतं."

सलाईनची जुनी नळी काढली, बाटलीला लावली, वेलावर थेंब थेंब सोडला. घोयऱ्याने पाचव्या मिनिटाला जीभ लावली! डोळे संध्याकाळपर्यंत भरले. मी डॉक्टरांना मिठी मारली. जाताना म्हणाले अंड्याचं टरफल कुटून नाकतोड्यांना चोपड, हाडांना बरं. आणि ताण आहे त्याला कसलातरी.

"कसला ताण? राजासारखा राहतो."

"राजांनाच असतो."

रंग मात्र काळाच. न्यागुथी डॉक्टरांनाही म्हणाली, "दोन." ते म्हणाले, "हो, दोन आठवड्यांनी परत येतो."

म्हणजे मीच एकटा गाढव नाही.

४ मार्च, रविवार

वाहितो फोनवर. तिने कुठूनतरी वाचून काढलंय. "बाबा, त्याला खरं ऊन लागतं. काचेतून उजेड येतो, पण उन्हातलं जे हाडांना लागतं ते काच अडवते."

एकेचाळीस वर्षं मी काच विकतोय. कोणी माझ्या तोंडावर सांगितलं नव्हतं की माझी काच काही अडवते.

"शिवाय असा रानातला जीव घरात ठेवायला वन्यजीव खात्याचा कागद लागतो. ठाऊक आहे ना?"

"तो पाळलेला नाही. पाहुणा आहे."

"पाहुण्याला कोंडून ठेवतात का? आईला द्या फोन."

मी फोन हिच्या कानाला लावला. पलीकडून काही बोलणं नाही. पोरगी नुसती गप्प राहिली, इतकी की मला वाटलं लाइन तुटली. मग न्यागुथीच्या तोंडून आलं, "वा... वाहि." माझ्यासमोर ती कधी "थे"सुद्धा म्हणालेली नाही.

मी फोन परत घेतला. वाहितो म्हणाली, "बाबा, तुम्ही आईचं बोलणं पण तुम्हीच बोलून टाकता."

५ मार्च

घोयऱ्याला तासभर बाहेर कुंपणावर सोडला, न्यागुथीला शेजारी बसवलं. दहाव्या मिनिटाला हिरवा! दोन माश्या खाल्ल्या, जीभ अशी सटकन. ही खिदळली. तिनेही रताळं खाल्लं, अख्खं.

म्हणजे ऊनच हवं होतं. पोरगी बरोबर, काच चूक. कबूल.

त्याला परत आत ठेवला. मी हात धुऊन येतो तर काळा. ऊन एवढ्यात संपतं का अंगातलं?

९ मार्च

काच ऊन अडवते तर ऊन आतच आणू, म्हणून काचघराच्या पुढच्या बाजूला मोठा दिवा लावला. झगझगीत. घोयऱ्याने मागच्या काचेवर शिंगं आपटली. तीनदा. एका शिंगाचं टोक खरचटलं. दिवा काढला.

काही कळत नाही.

१२ मार्च

आज मला साक्षात्कार झाला. दोन! एकटा पडलाय तो! मूर्खा थेउरी, एवढं सोपं.

चर्चमागच्या कुंपणात तासभर शोधून मादी आणली. ब्लेझरच्या खिशात घालून, वाटेत पाद्रीबाबांना नमस्कार करून. झाकण उघडून काचघरात सोडली. न्यागुथीला म्हटलं, "बघ, दोन!"

तिने चांगल्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली. "नाही! नाही! दोन!" मग मादीकडे बोट केलं आणि काहीतरी तिसरंच म्हणाली, "ती..." ती? की तीन?

घोयऱ्याने मादीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या काचेकडे तोंड करून फुसफुसत बसला. मादी बिचारी कोपऱ्यात. तासाभराने कुंपणावर सोडून दिली.

दोन आहेत तर दोन नकोत, आणि दोन नाहीत तर दोन दोन. मी पाद्रीबाबांना काय सांगायचं होतं, खिसा का हलतोय म्हणून? त्यांनी विचारलं नाही, हीच देवाची कृपा.

१३ मार्च

काही नाही. वजन अर्धा किलो कमी. तिचं.

१७ मार्च

काबुईची आई बाहेर कपडे वाळत घालता घालता शेजारणीला म्हणाली, "घरात एक तोतरा आणि एक पाखरू. मधल्या मधे बाईचा जीव चाललाय." माझे कान तिखट आहेत हे तिला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. पाखरू कोण ते कळलं. तोतरा तो घोयरा असणार.

आज दुपारी एक गोष्ट मनात आली. आम्हाला मुलं दोन झाली. गिचुकी गेला तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. बेचाळीस महिने, ती म्हणायची.

तिला विचारलं. नाव घेतल्यावर तिने माझ्या हातावर हात ठेवला. मग मान हलवली. ते नाही.

इथे चार ओळी लिहून खोडल्या.

२२ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. एकाचे दोन दिसत असतील म्हणून. त्याने एक बोट धरलं. "किती?" न्यागुथीने एक बोट धरलं. त्याने दोन धरली, तिने दोन धरली. तो म्हणाला, "बाईंचे डोळे तुमच्यापेक्षा चांगले आहेत, तुम्हालाच चष्मा लागतोय."

चिठ्ठी घेऊन आलो. माझ्या चष्म्याची.

संध्याकाळी जेवायला बसलो आणि वीज गेली. काबुईच्या आईला काडेपेटी सापडेना. अंधारात मी बडबडत होतो, आणि समोर चमचा ताटावर वाजत होता. टक्, टक्, टक्. माझे कान खोटं बोलत नाहीत. दिवे आले तेव्हा ताटातला कुस्करलेल्या बटाट्याचा मुकिमो अर्धा संपला होता. दिवे आल्याबरोबर तिने चमचा ठेवला आणि शाल ओढली.

म्हणजे मी दिसत नव्हतो तोवर जेवली.

२७ मार्च

दुकानातून लवकर आलो. स्वयंपाकघरातून चमच्याचा आवाज. दारातून बघितलं. न्यागुथी चुलीजवळ बुटक्या स्टुलावर, मांडीवर थाळी, डाव्या हाताने मका-घेवड्याची गिथेरी खातेय. शाल खांद्यावर. तोंडावर नाही. काबुईची आई शेंगा सोलतेय, एक अक्षर बोलत नाहीये.

मला बघून दोघी थांबल्या.

"इथे खाते?" मी म्हटलं.

"रोज दुपारी खातात. म्हणून तर जिवंत आहेत. तुम्ही विचारलं नाहीत."

"मग संध्याकाळी माझ्यासमोर का नाही?"

"मला काय विचारता, वाहितोचे बाबा? समोर तुम्ही बसता."

पडवीत येऊन बसलो. खिडकीला लाकडी फळी, धुराने काळं झालेलं छप्पर, ओल्या लाकडाचा वास, तिथे ती खाते. आणि इथे एवढी काच लावली, एवढी ऊब केली, इथे नाही. मग फरक राहिला एकच. मी.

बेचाळीस वर्षांचा संसार. बोलता येत नाही म्हणून सांगत नसेल इतकंच.

काचघरात घोयरा माझ्याकडे पाठ करून फुसफुसतोय. दोघांनाही मी नकोय. वाहितो नेणार असेल तर नेऊ दे.

३ एप्रिल, मंगळवार

हे नीट लिहायला हवं. 

ईस्टरची धुणी म्हणून काबुईच्या आईने सकाळी घरातलं सगळं पाण्यात घातलं. ती घोंगडीसुद्धा. दुपारी मी आलो तर घोयरा हिरवा. घरात, काचेच्या आत, हिरवागार. तीन नाकतोडे खाल्ले म्हणे. मी म्हटलं टरफलाचा गुण आला, माथेंगेला फोन करतो.

चार वाजता घोंगडी वाळून आली आणि काबुईच्या आईने लगेच टांगली. मी बघत होतो. मी त्याच्याकडेच बघत होतो. पोटाखालून काळोख चढावा तसा काळा रंग चढला. फुगला. फुसफुसला. मागच्या काचेकडे.

मी घोंगडी वर केली. थांबला. खाली सोडली. शिंगं रोखली. वर. खाली. काबुईची आई म्हणाली, "काय खेळ चाललाय?"

मी वाकलो, त्याच्या फांदीइतका खाली, आणि त्याच्या बाजूने बघितलं. मागे घोंगडीचा अंधार. पुढे पडवीचा उजेड. आणि त्या काचेत, माझ्या पाच मिलिमीटरच्या, कडा घासलेल्या काचेत, दुसरा घोयरा. तीन शिंगांचा. फुगलेला. सहा आठवडे, झोप सोडून, हा त्याच्याशी लढत होता, आणि तो काही हटत नव्हता.

मागे अंधार, पुढे उजेड. हेडमास्तरांना शिकवलं मी हे. प्रोफेसर!

"दोन!" मी ओरडलो. "न्यागुथी, दोन घोयरे! हे सांगत होतीस! आलं लक्षात!" आणि मी हसलो, काबुईच्या आईला हलवलं, घोंगडी ओढून फेकून दिली.

न्यागुथी हसली नाही. मान हलवली, हो, आणि परत मान हलवली, नाही. बोट उचललं. काचघराकडे नाही. पलीकडे, पडवीच्या मोठ्या काचेकडे.

तोंडात आलंच होतं, "काय, काच पुसायची?" बाईंचे दहा आकडे आठवले. जीभ दातांत धरली. मोजायला लागलो. दहा झाले. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. वीस. काबुईची आई काहीतरी म्हणायला गेली, मी हात वर केला. तिशीच्या पुढे मोजायचंच राहून गेलं.

"दोन," ती म्हणाली. आणि बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"मी. दोन मी."

मग चांगल्या हाताने तोंडाची ती ओढलेली कड झाकली.

मला कळलं नाही. खरंच लिहितो, तेव्हाही कळलं नाही. दिवस मावळला, काबुईच्या आईने नेहमीसारखा दिवा लावला, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी न्यागुथीला उठवून आत नेलं आणि तिच्या खुर्चीत बसलो. माझ्या नाही, तिच्या. तोंड काचेकडे.

बाहेर अंधार. आत दिवा. वर चकाकती फिल्म, मीच घासून बसवलेली, एक बुडबुडा नाही. समोर एक म्हातारा बसला होता, माझ्याकडे बघत. दाढीचे खुंट वाढलेले, गाल बसलेले. मान वळवली तर तोही वळवायचा. ताटाकडे बघावं तर ताटासकट तो. मला पंधरा मिनिटंही बसवेना, आणि माझं तोंड सरळ आहे.

जानेवारीपासून. रोज संध्याकाळी. आणि मी पाठ करून, "खा ग, बाहेर बघ किती छान आहे."

४ एप्रिल

दुकान बंद ठेवलं. पडवीच्या बाराही काचा उतरवल्या. एकही तडकली नाही. काबुईची आई म्हणाली, "आता वारा लागेल त्यांना." मी म्हटलं, तुमची ती घोंगडी द्या, गुडघ्यावर घालायला.

घोयऱ्याचं घरही मोडलं. पडवीच्या खांबावर पॅशनफ्रूटचा वेल आहे, त्यावर त्याला ठेवला. राहायचं तर राहील. माथेंगेंना फोन करून सांगितलं. म्हणाले, "म्हणजे निदान काय?" मी म्हटलं, काच. ते म्हणाले, "पुस्तकात नाहीये." मी म्हटलं, तुमच्या टरफलाचाही थोडा हात असेल. मोठ्या मनाने म्हटलं.

संध्याकाळी गार वाऱ्यात न्यागुथीने उजी, पिठाची पातळ पेज, प्यायली, कप संपवला. शाल खांद्यावरच.

७ एप्रिल, शनिवार

वाहितो आली. फाटकातूनच, "बाबा! आईला उघड्यावर बसवलंय? वेड लागलं का?" मग जवळ आली आणि थांबली. न्यागुथी मुकिमोची थाळी मांडीवर घेऊन डाव्या हाताने खात होती. कडेने थोडं सांडत होतं. तिने ते पुसलं नाही.

"वाहितो," ती म्हणाली. अख्खं.

पोरगी पायरीवर बसली. रडली. मी मध्ये काही बोललो नाही. काबुईची आई आतून म्हणाली, "आज पाखराची बोलती बंद!" सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

वजन अर्धा किलो वर. नैरोबीचं ऑगस्टमध्ये बघू, वाहितो म्हणाली. शिवाय, "आणि बाबा, काचा परत बसवल्यात तर त्याच दिवशी येऊन नेईन."

९ एप्रिल, सोमवार

वाहितो सकाळच्या गाडीने गेली.

घोयरा दिसत नाही. वेल पालथा घातला, पान न् पान. चष्मा लावून. काबुईची आई म्हणते गेला तो, देवाकडे, माफी मागायला. मी दुसऱ्यांदा शोधायला निघालो तर न्यागुथीने माझी बाही धरली. बस, असं खुणेने. बसलो. काचेकडे पाठ करायला आता काचच नाही, तेव्हा तिच्या शेजारी.

ती वेलाकडे बघत होती, मी बघत होतो. मला पानंच दिसत होती. विचारावंसं वाटलं, कुठे, कुठल्या फांदीवर. नाही विचारलं. मोजत बसलो, मग मोजणंही सोडलं.

बऱ्याच वेळाने तिने डाव्या हाताचं बोट उचललं आणि वेलाच्या मधोमध धरलं.

आज: "एक", एकदा.